वाढदिवसांची वाटणी

सणसवाडी,
फेब्रुवारी २००२

प्रिय इशरत,

तुला आणि मेहमूदभाईंना मनापासून नमस्कार. गुडघे कसे आहेत? (डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटल्यावर तू मुद्दाम गच्चीवर पापड वाळत घालत असशील, तुला मी ओळखते.) दौंडच्या रेल्वे कॉलनीतली ती मोठी चिंच अजून उभी आहे का? इथे ट्रकांचा आवाज रात्रंदिवस, पण इंजिनाची शिट्टी नाही. दुपारी बालवाडी सुटली की कान उगाच तिची वाट बघत बसतात.

बालवाडीचंच सांगते. माझ्या वर्गात इथल्या बागायतदारांची नातवंडं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या मुसलमान घरांतली मुलं आहेत आणि कंपन्यांपायी बिहार-ओरिसाहून आलेल्यांचीही आहेत. सगळ्यांना सारखं वागवायचं, असं मी ठरवलं. आपल्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर वाढदिवसाच्या मुलीला रंगीत फ्रॉक घालू देत आणि स्टुलावर उभं करून सगळ्यांकडून गाणं म्हणवून घेत, आठवतं? तेवढा वेळ (स्टूल डुगडुगायचं तरी) आपण राणी असायचो. तसं इथल्या प्रत्येक पोराला मिळावं, एवढीच इच्छा. पण तारखा मागवल्या तर अर्धा वर्ग एक जूनला जन्मलेला! पुढे शाळेत घालताना वय बसावं म्हणून इथे सरसकट तीच तारीख सांगतात, हे मला कॉन्व्हेंटवालीला कुठून सुचणार? शिवाय एक जूनला सुट्टी.

मग घरोघर खरा दिवस विचारत फिरले. एकीचा बाजरीच्या काढणीतला, एका बिहारी पोराचा त्यांच्या सणातला, ‘छठ के दूसरे दिन’, एकाचा कंपनीत संप चालू होता तेव्हाचा (आता दरवर्षी संपाची वाट बघायची की काय?). अफताब रमजान ईदच्या आदल्या दिवशीचा. ही ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, हे मी पालकसभेत कौतुकाने सांगितलं आणि फसले. ज्यांच्या खोलीत बालवाडी भरते ते पोपटराव उठलेच. “म्हंजी ह्यो अफताब आमच्या सत्यजीतच्या आदी म्होटा व्हनार? न्हाई चालायचं, बाई!” अफताबचे वडील म्हणाले, “आबा, मग तुमच्या नातवालाबी घ्या की ईदंच्या हिशेबात.” बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. शेवटी पोपटरावांनीच तोड काढली, सत्यजीतचा दिवस तिथीने धरायचा, म्हणजे तोही सरकेल.

सगळ्यांचं जमलं. स्टुलावर चढणं, गाणं, चिमूटभर शिरा, सुरूही झालं. राहिली तहमीना. पाच वर्षांची, आजीजवळ वाढणारी. तिची आजी शहजादीबी उंबऱ्याशी गोधडी शिवत होती. मी तारीख विचारली तशी सुई थांबली. “बाई, ती जल्मली तवाच माझी लेक गेली. त्या दिसाचं नाव आमच्या घरात कुनी काढत न्हाई.”

मी तशीच परत आले. तहमीना इतरांच्या वाढदिवसाला सगळ्यांत मोठ्याने गायची आणि जाताना रिकाम्या स्टुलाला हात लावून जायची. ‘सगळ्यांना सारखं’ हे माझं लाडकं वाक्य मला तिच्यासमोर उच्चारवेना. परवा तिनेच विचारलं, “बाई, तुमचा दिस कवा आस्तो?”

“अठरा मार्चला.”

“तुमाला लागतो का त्यो?”

इशरत, लागतो गं. पण मी म्हटलं, “नाही, तू घे.” ती पळत जाऊन आजीला घेऊन आली. शहजादीबीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मागनं परत मागू नगा हां. पोर हाय.” आणि डोळे पुसत नातीला फ्रॉकचा रंग विचारायला लागली.

बाकी सर्व ठीक. मला इथे कशाचीही उणीव नाही.

तुझी,
ललिता

ता. क. वरचं शेवटचं वाक्य खोटं आहे.

आणखी ता. क. त्या दिवशी आठवणीने माझ्या दारात येणारी तू एकटीच उरली होतीस. तेही गेल्या आठ-नऊ वर्षांत जमलं नाही. आता तर तो दिवसही माझा नाही. तेव्हा माझ्यासाठी येऊ नकोस, तहमीनाच्या वाढदिवसाला ये. शिक्रापूरला उतर, मी सकाळपासून स्टँडवर असेन. दिवस तिला दिलाय, पाहुणी मात्र देणार नाही.