काचेआडचं कांडप

१० मार्च, मंगळवार
टाइल्स बसल्या. मिरची कांडपाच्या मशीनपुढे काच आली, दारावर पाटी: ‘आत येऊ नये’. यवतमाळचा किराणावाला शुक्रवारी येतोय. म्हणाला, जागा पाहूनच ठरवीन. त्याचा होकार आला तर माझं तिखट नेर गावाच्या बाहेर जाईल, माझ्या नावाच्या पाकिटात. जाईलच! ॲप्रन घालून आरशात पाहिलं, थेट डॉक्टरीण. हे म्हणाले, "आता सुई नोको टोचू कोणाले."

११ मार्च
कमलकाकू आल्या. अकरा वर्षं स्वतःची मिरची आणतात, मशीनशेजारी डबा उपडा घालून बसतात, पदर नाकाला. आज पिशवी मागून घेतली, टोकन दिलं, "बाहेर बसा काकू."
"काहून वं? आत काय करून राह्यली? माही मिरची माह्या डोयासमोर कुटल्या जाते." पिशवी उचलून चालत्या झाल्या.
जाऊ दे. नवं काही केलं की कुरकुर आलीच.

१२ मार्च
दिवसभरात एक बाई आली, तीही पत्ता विचारायला. ऐन हंगामात मशीन गप्प. सगळ्यांना मिरची बदलली जायची धास्ती, आणि मीच दार लावून बसले. गाढवपणा. फार वाईट वाटलं.

१३ मार्च, शुक्रवार
सकाळीच पाटी बदलली: ‘टोपी घालून आत बसावे’. आत बाक टाकला. केस झाकायची कापडी टोपी घेऊन काकूंच्या घरी. चुकलं म्हटलं.
"हे घालून मी कायची दिसन?"
म्हटलं, मालकीण. लगेच निघाल्या!
दुपारी किराणावाला. टाइल्स पाहिल्या, पाकिटं पाहिली, मान हलवली. मग बोट काकूंकडे. बाक सोडून त्या टोपीसकट उपड्या डब्यावर. "ह्या कोण?"
माझ्याआधी काकूच बोलल्या, "माही मिरची होय. पाहून राह्यलो, बदलली तं नाई."
तो माझ्याकडे वळला. "अन् मी जे पाकिटं नेईन, त्याच्या मिरचीजवळ कोण बसन?"
टाइल्स, काच, टोकनं, सगळं होतं. तिथे बसणारं कोणी नव्हतं.
"मी बसतो न," काकू म्हणाल्या.
तो हसला नाही. एक पाकीट फोडून वास घेतला, फोन करतो म्हणून गेला.

१६ मार्च
फोन नाही. येईल.
काकू आल्या. टोपी धुऊन, इस्त्री करून. हातात पिशवी नाही.
"मिरची कुठाय काकू?"
"माही तं झाली. त्याच्या पाकिटाची कवा हाय?"
आणि डबा उपडा घालून बसल्या.