शिवणाऱ्या बाईला कथेतलं काय कळतं

दादा,

"अगदी मोकळेपणाने सांग," असं तूच म्हणाला होतास. मी सांगितलं, तर चार दिवस तोंड फुगवून बसलास. वर वहिनीला म्हणालास, दिवसभर ब्लाउज शिवणाऱ्या बाईला कथेतलं काय कळतं!

आज टेबल आवरताना तुझ्या कथेची नवी प्रत दिसली. मी पेन्सिलीने खोडलेलं सगळं तू मुकाट्याने गाळलंयस. खाली आभार मात्र नुसतं "वा, वा" करणाऱ्या तुझ्या मित्राचे.

तुझ्या नव्या पँटचा एक पाय दुमडून शिवलाय. दुसरा त्याच्याकडून शिवून घे.

कथेचा शेवट अजून फसलेलाच आहे. नेमका कुठे, ते मला कळलंय. उद्या छापायला जाऊ दे तशीच.

तुझी बहीण