सातव्या प्रकरणातला एक तास

मी, मालिनी जगन्नाथ ढमाले, वय पंचाहत्तर, राहणार श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. दडपण आणण्याचा प्रयत्न झाला. तो कलम चारमध्ये नोंदवला आहे. याआधी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते.

१. राहते घर आणि बँकेत जे असेल ते माझी मुले प्रसाद आणि अबोली यांना समसमान. व्यवस्था अबोलीने पाहावी. ती दूर शॉमबर्गला असते, पण फोन उचलते.

२. तळघरातले मायक्रोफिल्म वाचायचे यंत्र गावातल्या ग्रंथालयाला विचारून द्यावे. नको म्हणाले तर टाकून द्यावे. उचलायला दोन माणसे लागतात.

३. माझे जर्मन शब्दकोश नात स्वानंदीला. पुण्यात मी अकरा वर्षे जर्मन शिकवले. इथे आल्यावर ते एकाच माणसाच्या उपयोगी पडले.

४. तो माणूस माझे पती, कै. जगन्नाथ. त्यांचे वडील, आमचे आबा, मराठा पलटणीत हवालदार होते आणि इटलीत लढले. आबा युद्धाबद्दल बोलत नसत. म्हणून यांनी ठरवले की समोर कोण होते ते शोधायचे. समोर जर्मनांची एक पायदळ डिव्हिजन होती. तिचे पकडलेले कागद मेरीलँडच्या अभिलेखागारात आहेत. निवृत्तीनंतर सोळा वर्षे आम्ही त्यांच्या मायक्रोफिल्म आणत होतो. मी जर्मन वाचून मराठीत सांगायची, हे लिहायचे. डिव्हिजनची उभारणी, रशियात झालेली धूळधाण, उरलेल्या माणसांत कोवळी मुले भरून पुन्हा उभारणी, इटली, शरणागती. नऊ प्रकरणे झाली. इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत यांच्या लेखाखाली छापले, ‘सौ. ढमाले यांनी चहापाण्याची बाजू सांभाळली.’ हे मी विसरलेले नाही. शेजारचे रवी अजून विचारतात, “काकू, शत्रूचा इतिहास कशाला?” शत्रूने रोजच्या रोज लिहून ठेवला, म्हणून. आबांनी ठेवला नाही.

सातव्या प्रकरणात एक डोंगरी गाव आहे. डिव्हिजनच्या रोजनिशीप्रमाणे दुपारी चार वाजता तिथे सतरा गावकऱ्यांना गोळ्या घातल्या. आमच्या पलटणीच्या रोजनिशीप्रमाणे आबांची तुकडी सव्वाचारला वरच्या कड्यावर पोचली. यांनी लिहिले, ‘पंधरा मिनिटांचा उशीर झाला.’ मंडळात हे वाचले तेव्हा लोकांनी डोळे पुसले.

त्या आठवड्यात जर्मनांनी घड्याळ एक तास मागे घेतले होते. आपल्या बाजूने घेतले नव्हते. त्यांचे चार म्हणजे आपले पाच. ही चूक माझी. पुण्याला फोन करताना उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मिळवण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आम्हा दोघांच्या हे लक्षात आले नाही. आले तेव्हा यांना कर्करोग होऊन चार महिने झाले होते. मी कागद पुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला.

“मालू, आता नको,” ते म्हणाले. “आबांना आता कुठे विचारणार?”

मी तेव्हा गप्प बसले. तीही माझीच चूक.

पुढे प्रसादला सांगितले. तो म्हणाला, “आई, एका तासाने काय फरक पडतो? पुस्तक लेआउटला गेलंय. लोकांना आबांचा अभिमान आहे, तो कशाला स्पॉइल करायचा?” मी सांगत होते तेव्हा स्वानंदी तिथेच होती. ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, “सो दे वेअर देअर, आजी.” प्रसादने तिला खोलीत पाठवले.

पुस्तकाचे हक्क यांनी माझ्या नावे केले आहेत. मी छपाईच्या संमतीपत्रावर सही केलेली नाही. त्यामुळे सगळे फार अदबीने माझी तब्येत विचारत असतात.

५. हे हक्क मी प्रसादलाच देते. आबा त्याचे आजोबा आहेत. अट एकच, की सातवे प्रकरण दुरुस्त करून छापावे. वकीलबाई म्हणाल्या, अट लिहिता येईल, पण पाळली की नाही हे पाहणार कोण? अबोली भावाशी भांडणार नाही. मी नसेन.

६. मात्र मृत्युपत्र कोर्टात दाखल झाले की तो सार्वजनिक कागद होतो, हेही त्यांनीच सांगितले. कोणीही वूस्टरच्या कोर्टात जाऊन मागावा, वाचावा. म्हणून दुरुस्ती इथेच लिहीत आहे. इंग्रजी भाषांतर सोबत जोडले आहे, त्यातूनही ती गाळू नये:

‘मराठा तुकडी सव्वाचारला कड्यावर पोचली. पलटणीच्या रोजनिशीप्रमाणे खाली न उतरण्याचा हुकूम होता. गावातला चौक तिथून दिसत होता. पाच वाजता गोळीबार झाला आणि वीस मिनिटे चालला. पाच चाळीसला तुकडी गावात उतरली. तुकडीचे हवालदार तुकाराम ढमाले होते.’

वरील मजकूर मी वाचला. तो माझा आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली. त्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

सही: मालिनी जगन्नाथ ढमाले

साक्षीदार:
१. रवी हळबे (शेजारी)
२. प्रीता साबळे (ग्रंथालयात सहायक)

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
३ नोव्हेंबर २०२५