शोकेसमधलं बायबल आणि माझं नवसमर्पण

१ जानेवारी २०२६, गुरुवार. पिंप्राळा
चर्चमध्ये नवसमर्पणाची उपासना. पाळक साहेबांनी सगळ्यांना उभं करून हात वर करायला लावले. माझा सर्वात उंच होता. बाकीचे दरवर्षी उभे राहतात आणि फेब्रुवारीत आडवे होतात. आपलं तसं नाही. संकल्प तीन. एक, रोज पहाटे पाचला शास्त्रवाचन, तेही आईच्या बायबलमधून. दोन, धाकट्या भावाला, योगेंद्रला, क्षमा. तीन, कुणाला तुच्छ लेखायचं नाही, त्याची लायकी नसली तरी.

२ जानेवारी
थंडी. शरीरही प्रभूनेच दिलंय, ते जपणं हेही समर्पणच. साडेआठला उठलो. बायको मेघा स्वयंपाकघरात कसलं तरी पुस्तक घेऊन बसलेली, वर वर्तमानपत्राचं कव्हर. रोजचंच आहे. चहा थंड. या बाईला वेळेची किंमत नाही.

४ जानेवारी, रविवार
बायबल शोकेसमधून काढलं. चार वर्षांपूर्वी आई यावलला वारली, त्याच दिवशी मी ते आणलं. थोरला मी. योगेंद्र म्हणत होता, आईने मला द्यायचं कबूल केलं होतं. असं कुणीही म्हणेल. तेव्हापासून बोलणं बंद. क्षमा करायला मन मोठं लागतं, ते त्याच्याकडे कुठून येणार.
कव्हरची चेन अडकलीय. परत ठेवलं. शोभतं मात्र.

७ जानेवारी
चेन तशीच. मेघा म्हणाली, मेणबत्ती घासा, दोन मिनिटांचं काम. पवित्र वस्तूला मेण! पाळकाच्या घरात वाढून हिला एवढं कळत नाही. चांगला कारागीर पाहावा लागेल. तोवर वाचन स्थगित.

११ जानेवारी, रविवार
योगेंद्रचा धुळ्याहून फोन. म्हणाला, भाऊ, पंचवीस तारखेला आमच्या दिपमालाचं दृढीकरण आहे, चर्चसमोर स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली देणार, पोरीच्या हातात एका दिवसापुरतं आजीचं बायबल हवं, तुम्ही आणि वहिनीही या. आवाज ओला होता. मी म्हटलं, बघू. जायचं लगेच ठरवलं होतं, पण पटकन हो म्हटलं की माणसं डोक्यावर बसतात.
क्षमा अर्धी झाली.

१८ जानेवारी, रविवार
चर्चमध्ये साक्ष दिली. रोज पहाटे आईच्या बायबलमधून वाचतो, उत्पत्ती संपवून निर्गमच्या पुस्तकापर्यंत पोचलो, असं सांगितलं. तंतोतंत खरं नाही, पण विश्वासाने बोललो. दोन बायका रडल्या. पाळक साहेब म्हणाले, प्रेमराजभाऊंचा आदर्श घ्या. मगन आबा, म्हणजे योगेंद्रचे सासरे, पहिल्या बाकावर झोपले होते. ऐंशी वर्षं चर्चला येऊन माणूस हेच शिकला. मेघाने परत येताना माझ्याकडे पाहिलं नाही. मत्सर, दुसरं काय.

२४ जानेवारी, शनिवार
कारागीर मिळाला नाही. शोधायला गेलो नाही, पण असता तर दिसला असता. शेवटी मेघाने मेणबत्ती घासली. चेन सरकली. दोन मिनिटंच लागली, पण नशीब म्हणायचं. मी लगेच पुन्हा लावून टाकली. आता उघडायचं ते धुळ्यालाच, सर्वांसमोर.

२५ जानेवारी, रविवार. धुळे
लिहावंसं वाटत नाही.
योगेंद्रने दारात सलाम केला. चर्च भरलेलं. बायबल दिपमालाच्या हातात देण्याआधी मी दोन शब्द बोललो. रोज पहाटे याच पानांतून वाचतो, म्हणालो. योगेंद्रला माइकवरून क्षमाही केली. तो खाली पाहत होता.
घराण्यातले जन्म, बाप्तिस्मे, दृढीकरणं बायबलच्या पहिल्या पानावर लिहायची आमची रीत. पोरीचं नाव लिहायला तिथल्या पाळक साहेबांनी पहिलं पान उघडलं. आईचं अक्षर. बिचाऱ्याला वाटलं आजीचा आशीर्वाद असेल, माइकवरच वाचून टाकलं. हे बायबल योगेंद्रच्या घरी राहावे. प्रेमराज ते काचेच्या कपाटात ठेवील, उघडणार नाही. त्याला मी क्षमा केली आहे, तुम्हीही करा.
मगन आबा आज नेमके जागे. म्हणाले, बठ्ठं समजनं. सगळं समजलं म्हणे.
जेवताना योगेंद्रने स्वतः मला वाढलं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२६ जानेवारी, सोमवार. पिंप्राळा
बायबल धुळ्यालाच राहू दिलं. स्वखुशीने. दुसरा संकल्प जानेवारीतच पुरा झाला, किती जणांना जमतं?
आज खरंच पाचला उठलो. झोप लागलीच नव्हती. शोकेसमध्ये बायबलची जागा तेवढी चौकोनी स्वच्छ, आजूबाजूला धूळ. मेघाला म्हटलं, वचन वाचायला बसलो असतो, पण घरात होतं ते एकच बायबल गेलं. तिने हातातल्या पुस्तकावरचं वर्तमानपत्र बाजूला केलं. लग्नात तिच्या वडिलांनी दिलेलं बायबल. पानं सुटी झालेली. बावीस वर्षं रोज सकाळी इथेच बसून वाचते, म्हणाली. तिने ते माझ्यापुढे सरकवलं. मला हात लावायची लाज वाटली.
चहा थंड झाला होता. तसाच प्यालो.