आत्याच्या बरणीतला हायड्रोजन

३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

इथे प्रयोगशाळेत हाहाकार आहे. भाजीच्या सालांवर जंतू पोसून हायड्रोजन काढायची आमची मोठी टाकी परवा रात्रभर भलतीच तापत राहिली आणि जंतू अक्षरशः शिजले. संचालक म्हणाले, महिनाअखेर हायड्रोजन दाखवा, नाहीतर गाशा गुंडाळा. म्हणजे माझी नोकरी गेली आणि मी आले घरी.

आता सगळी भिस्त तुझ्या ओट्यावरच्या बरणीवर. गेल्या महिन्यात बस चुकेल म्हणून मी सांडपाण्याचा गाळ तुझ्या हवाली करून पळाले होते. तो अर्धा तास उकळूनच बरणीत घातलास ना? उकळला की हायड्रोजन खाऊन टाकणारे जंतू मरतात. आपले कामाचे जंतू टणक कवचात दडून बसतात, म्हणून वाचतात. नळीतून येणारा गॅस पिशवीत भरून शेजारच्या बसचालककाकांबरोबर पाठव.

माया तर आहेच, सध्या थोडा धीरही दे.

तुझी,
खारूताई


९ मार्च

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

पिशवी पाठवली आहे. बसचालक ती टपावर टाकतो म्हणाले. मी असं झापलं की ती आता खिडकीजवळच्या सीटवर बसून येते आहे.

गाळ उकळला का, हे काय विचारणं झालं? आत्यावर एवढाही भरवसा नाही? बरणीतली मंडळी मजेत आहेत. सकाळी बटाट्याची सालं, दुपारी कोबीची पानं. गारठू नयेत म्हणून बरणीला अस्तराचं जाकीट शिवलं. माप घेताना गुदगुल्या झाल्यासारखे बुडबुडे आले. माझ्याकडे फ्रॉक शिवून घ्यायला आलेल्या एक बाई वासानेच दारातून परत फिरल्या. जाऊ देत, कमरेचं माप नेहमी खोटं सांगायच्या.

जेवणाची हेळसांड करू नकोस, एवढंच मागणं.

तुझी आत्या


१३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पिशवी टम्म फुगून पोचली. तपासली तर मिथेनच मिथेन, हायड्रोजन औषधालाही नाही! म्हणजे आपले जंतू राबताहेत आणि दुसरे बसल्या जागी हायड्रोजन फस्त करून मिथेन सोडताहेत. खरं सांग, गाळ उकळलाच नाहीस ना? झुरळाला कागदावर घेऊन जिन्यापर्यंत पोचवणारी तू. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

अठराच दिवस उरलेत. मी रागावले आहे, तरी नमस्कार.

खारूताई


१६ मार्च

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

नाही उकळला. पातेलं चढवलं, शेगडी पेटवली आणि हात धजेना. त्या जिवांनी माझं काय घोडं मारलं होतं?

पण हे अर्धंच खरं. उरलेलं लिहायची लाज वाटते. तुझं तीन तारखेचं पत्र आलं तेव्हाही उकळता आला असता. पण त्यात तू घरी येण्याचं लिहिलं होतंस. दोनदा वाचलं आणि पातेलं पुन्हा चढवलंच नाही. तू गेल्यापासून या घरात माझ्याशी फक्त शिवणयंत्र बोलतं, तेही खडखड करून. फार एकटं वाटतं गं. म्हणून तुझ्या नोकरीवर उठले.

आज बरणी पातेल्यात उपडी केली. घड्याळ लावून अर्धा तास उकळला. मरणाऱ्यांची माफी मागितली, वाचणाऱ्यांना कामाला लागा म्हणून दम दिला. डोळ्यांतून पाणी येत होतं, निम्मं वासाचं. मंडळी सावरली की पिशवी पाठवते.

जमलं तर माफ कर.

तुझी आत्या


२७ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आला! पिशवीत निम्मा हायड्रोजन आहे, मिथेनचा मागमूस नाही. संचालकांनी तीनदा तपासलं आणि हे कुठल्या प्रयोगशाळेतलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, शिवणाच्या खोलीशेजारी, ओट्यावर. त्यांना जाकिटाचा नमुना हवा आहे.

काम आणखी तीन वर्षं चालणार. म्हणजे तीन वर्षं मला घरी राहायला येता येणार नाही. हे वाक्य दोनदा लिहून खोडलं. एवढ्या आनंदाचं पत्र आणि मी बसले आहे रडत. तुझ्यावर राग धरणं मला कधी जमलंय?

तुझीच,
खारूताई


३० मार्च

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

अभिनंदन! आणि आधी डोळे पूस.

शिवणयंत्र बांधून ठेवलं आहे, किल्ली शेजारी दिली. गुरुवारी अकराच्या बसने मीच तुझ्याकडे राहायला येते आहे. बरणी मांडीवर, नळी खिडकीबाहेर. बसचालकांनी मागचे तीन बाक रिकामे ठेवलेत आणि बसमध्ये कुणी काडी पेटवली तर तिथेच उतरवीन, असं जाहीर केलं आहे.

तुझी खोली लहान आहे, ठाऊक आहे मला. मंडळींची सोय प्रयोगशाळेत कर. मी तुझ्याजवळ झोपेन.

तुझी आत्या