नाव काय

शिरूर कासार
३ ऑगस्ट २०२५

चि. अनिल यास,
मुक्ताआजीचे आशीर्वाद, वि. वि.

इकडं समदे खुशाल. फोनवर आख्खं घर कान लावतंय म्हणून कागद धरला. पोर्तुगालला जायच्या आधी तू घोकायचास ती पोर्तुगीज शिकायची हिंदीतली किताब पेटीतून काढली. दिवाळीला तुमी येणार, पणतीसंगं दोन शब्द तरी बोलावं म्हणलं. मागल्या येळी ती माझ्या मांडीवर बसलीच न्हाई.

पण असली किताब कोण लिहितं? पहिल्याच धड्यात मी इंजिनियर हाय. तिसरी शिकलेली बाई मी, खोटं कशाला बोलू? अन् ‘मी हाय’ला त्ये ‘एउ सोउ’ म्हणताना कवळी भाईर येती. जेवलीस का, इथं बस, असलं काईच न्हाई. हाटेलात खोली कशी मागायची त्ये मात्र हाय. तुझी आई हसती. तिला म्हणलं, मग तू शीक.

कटाळून परवा तोंड दिसणाऱ्या फोनवर मराठीतच ईचारलं, नाव काय. क्लारा हाय त्ये ठावं हाय मला, पण लेकराला पहिलं हेच ईचारत्यात. तर पोरगी खुर्चीवर चढून एका पायावर उभी. परत ईचारलं, तर पाय बदलून उभी. म्हातारीची टिंगल करायला शिकवलंस व्हय? असं कावून केलं त्ये कळव.

लोभ हाय तेवढा पुरे, वाढवू नको.
मुक्ताबाई


लिस्बन
१६ ऑगस्ट २०२५

ती. आजीस,
अनिलचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

टिंगल नाही गं. इकडं ‘नांव’ म्हणजे नाही, आणि ‘काय’ म्हणजे पडते. नांव काय, पडत नाही. ‘नांव’ दुसऱ्याच धड्यात आहे, तू पहिल्यावरच भांडत बसलीस.

आता खरं सांगतो. मागच्या वेळी आपल्या ओट्याच्या पायरीवरून पडल्यापासून क्लारा तिकडं यायचं नाव काढत नव्हती. हिनं तिला दिवाळीत इथंच, स्वतःच्या आईकडं ठेवायचं ठरवलं होतं. तुला सांगायची माझी छाती होईना. आता पोरगी शेजारीपाजारी सांगत फिरते, पणजी म्हणते मी पडत नाही. यायचं म्हणते.

तुझा लोभ रागावण्यातूनच कळतो, तसाच असू दे.
तुझा अनिल


शिरूर कासार
३० ऑगस्ट २०२५

चि. अनिल यास आशीर्वाद, वि. वि.

हे आधी सांगायचं व्हतंस. मी इथं उगा इंजिनियर व्हत बसले.

शहादेव गवंड्याला बोलावून पायरी पक्की करून घेतली. लई डुगडुगत व्हती, तुझ्या बापाला सांगून तोंड दुखलं. किताब पेटीत टाकली. दोन शब्द येत्यात, तेवढ्यात दिवाळी निघंल. फोन लावत जा, मी ईचारत जाईन. खुर्चीवर मात्र चढू देऊ नको.

पडली तर काय म्हणायचं, त्ये किताबात लई धुंडलं. न्हाई. त्ये मी मराठीतच म्हणीन.

बाकी लोभ आल्यावर.
मुक्ताबाई