खोटा पेशंट

मंगळवार, ४ मार्च

आज सकाळी साडेदहाला खोटा पेशंट पकडला! तोंडावर काही बोललो नाही. तो गेल्यावर संशयाचा फॉर्म भरला, केसपेपर आणि चिठ्ठी पिवळ्या लिफाफ्यात घातली, लिफाफा चिकटवून कपाटात ठेवला.

संस्थेच्या संशोधनात नाव दिल्यापासून डोळ्यांत तेल घालून बसलोय. संस्थेचे नवे डॉक्टर माझ्या दवाखान्यात शिकायला येतात. मी शिकवतो तसा स्वतः वागतो का, हे संस्थेला पाहायचंय. म्हणून दोन महिन्यांत कधीतरी एक पढवलेला माणूस पेशंट बनून येणार आणि मला गुण देणार. संशय आला तर त्याचे कागद लिफाफ्यात, पुढे पाठवायचे नाहीत – म्हणजे खोट्या माणसापायी हॉस्पिटलातली खरी तारीख अडत नाही.

हा टेलर. साठीचा, पहिल्यांदाच आलेला. घास छातीत अडकतो म्हणाला. वजन उतरलंय का विचारलं.

"काट्यावर नाही पाहिलं. पण पँटची कंबर दोनदा बारीक केलीय, तीही माझ्याच हातानं."

असं वाक्य कोणी लिहून दिल्याशिवाय तोंडात येत नाही.

मग मीही कसर ठेवली नाही. पंचवीस मिनिटं दिली. भूक, झोप, घरचं, कशाची धास्ती वाटते – सगळं विचारलं. दुर्बिणीच्या तपासणीसाठी चिठ्ठी लिहिली. म्हणालो, आम्हीच पाठवू, हॉस्पिटलातून तुम्हाला फोन येईल.

बुधवार, ५ मार्च

सध्या माझ्याकडे शिकणारी डॉक्टर मुलगी काल शेजारीच बसली होती. आज म्हणाली, "सर, पण ते खरे असले तर? बोटांना सुईचे घट्टे होते." मी म्हणालो, घट्टे असलेलाच माणूस निवडला असेल. 

पण हिला एवढा कळवळा का? हिलाच तर संस्थेनं माझ्यावर बसवलं नसेल?

शनिवार, ८ मार्च

एकजण फारच मोजून-मापून खोकत होता. एक बाई गुडघा दुखतो म्हणाल्या आणि बसायच्या आधीच हसल्या. दोघांचीही नावं वहीत टिपून ठेवली.

घरी ही म्हणाली, कणकण वाटतेय. मी नुसतं बघत राहिलो. म्हणते कशी, "आता माझाही फॉर्म भरता की काय?"

संध्याकाळी देवासमोर बसलो, मन लागेना. हात जोडले तेही कोणी गुण देतंय असं वाटून जरा नीटच जोडले. लाज वाटली.

शुक्रवार, १४ मार्च

टेलरचा फोन आला होता. दवाखान्यातल्या मावशींनी घेतला. हॉस्पिटलातून अजून काही कळलं नाही, डॉक्टरांना त्रास नको, सहज विचारलं म्हणाले. आता भातसुद्धा उतरत नाही.

मी पाठपुरावा करतो का, हे बघत असतील. मावशींना म्हटलं, सांगा, वेळ लागतो.



सोमवार, १७ मार्च

सकाळी शिकाऊ मुलीनं विचारलं, "खोट्याला खरा धरून तपासलं, तर आपलं काय जातं, सर?"

 गावच्या शाळेत तपासणीला साहेब यायचे, त्या दिवशी गुरुजी इतकं जीव लावून शिकवायचे, की आम्हाला वाटायचं, साहेब रोज का येत नाहीत! आज ते आठवलं आणि हसू आलं नाही.

विचारायचं नाही असा नियम आहे. तरी संस्थेला फोन लावला. तिथल्या बाई कागद चाळून म्हणाल्या, तुमच्याकडे अजून कोणालाच पाठवलेलं नाही. पुढच्या महिन्यात आहे.

लिफाफा फोडला. चिठ्ठीवर माझंच अक्षर, चार तारीख. 'तातडीचे' खाली दोन रेघा. त्याही गुणांसाठीच ओढलेल्या.

मंगळवार, १८ मार्च

दवाखाना मुलीवर सोपवून हॉस्पिटलात गेलो. खिडकीपाशी रांगेत उभा राहिलो. गुरुवारची तारीख मिळाली. ती सांगायला टेलरच्या दुकानात गेलो.

त्यांच्या बायकोनं खुर्ची पुसून दिली. "घोळ हॉस्पिटलवाल्यांचाच असणार. तुमच्याइतकं आपुलकीनं यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं हो."

पाणी प्यायलो. म्हटलं, हो, होतं असं. आणि उठलो.

गुरुवार, २० मार्च

गाठ निघाली. तुकडा तपासायला पाठवलाय. तिथल्या डॉक्टरांना विचारलं, चौदा दिवसांनी कितपत फरक पडला असेल? म्हणाले, बहुधा नाही.

बहुधा.

बाकावर टेलरनं माझा हात धरला. तुम्ही स्वतः धावपळ केलीत म्हणून झालं म्हणाले. मी हात सोडवून घेतला नाही. शिकाऊ मुलगीही आली होती, समोर उभी होती. तिनं नजर फाईलमध्ये घातली. कोणालाच कधी कळणार नाही, हे मला तेव्हा पक्कं कळलं. देवापुढे बसायचं टाळलं.

शुक्रवार, २१ मार्च

सांगितलं. दुकानात जाऊन, दोघांनाही. तुम्हाला खोटा पेशंट समजलो, चिठ्ठी मीच कपाटात ठेवली, हॉस्पिटलचा काही दोष नाही. बाई उठून आत गेल्या. टेलरनं मशीनवरचं कापड बराच वेळ हातानं सारखं केलं. मग म्हणाले, "रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतो."

मी दुसऱ्या एका डॉक्टरांचं नाव आणि पत्ता लिहून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, आणि हा डॉक्टर खरंच आहे ना, असं मला विचारलं.